उमेदवारी

आमच्या माजघरात, देवघराच्या उजव्या हाताला, भिंतीत एक खोल कोनाडा आहे; आणि त्या कोनाड्यात गेली साठ वर्षे काचेची एक चपटी बाटली उभी आहे. बाटली रिकामी आहे, तिचे बूच केव्हाच भुगा होऊन गेले. मात्र तिच्या कडेला डकवलेली, दोन्ही बाजूंनी करवतीसारखे दाते कातरलेली कागदाची पट्टी, पिवळी पडून का होईना, अजून जागच्या जागी आहे. घरातील मंडळींच्या ही बाटली इतकी अंगवळणी पडली आहे की दिवाळीच्या साफसफाईत तिला उचलावे, खालची धूळ पुसावी आणि पुन्हा तिथेच ठेवावे, यापलीकडे तिच्याविषयी कोणी कधी काही विचारीत नाही.

गेल्या दिवाळीपूर्वी मात्र माडीवरच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने ती हातात घेतली. हा मुलगा कंधार तालुक्यातील एका खेड्यातला. बारावी होऊन गेलेली, पहिल्या खेपेस गुण कमी पडले म्हणून पुन्हा वैद्यकीय प्रवेश-परीक्षेच्या तयारीला बसलेला, ज्यांना आमच्या नांदेड-लातुरात सर्रास रिपीटर म्हणतात त्यांपैकी एक. दुसऱ्या दिवशी गावी जावयाचे म्हणून त्या संध्याकाळी त्याने पुस्तक मिटले होते आणि माझ्या पत्नीला जळमटे काढू लागला होता.

“आजोबा, ही पट्टी कशाची?”

मी सांगितले, की पूर्वी दवाखान्यात पातळ औषध बाटलीत भरून देत आणि एका वेळेस किती घ्यावयाचे ते रोग्याला कळावे म्हणून अशी दातेरी पट्टी बाहेरून चिकटवीत. एक दाता म्हणजे एक डोस. त्याने नखाने दोन दात्यांमधले अंतर मोजले, बाटली उजेडाकडे धरली आणि विचारले, “तुम्ही डॉक्टर होते का?”

“नाही रे. मी उमेदवार होतो.”

“कोणत्या सालचे?” तो म्हणाला. माझे उत्तर त्याला अगदी सहज समजले होते, आणि तरीही मला जे म्हणावयाचे होते ते त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते. त्याच्या दृष्टीने उमेदवार म्हणजे परीक्षेचा अर्ज भरलेला, ज्याला बैठक क्रमांक मिळाला आहे असा माणूस.

फार्सीतून आपल्याकडे आलेल्या या शब्दाने माझ्या हयातीत आपला अर्धा संसार टाकून दिला. उमेद म्हणजे आशा. आणि उमेदवार म्हणजे जुन्या कचेऱ्यांत, पेढ्यांवर, वकिलांच्या नि वैद्यांच्या ओट्यावर, पुढे-मागे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी राबणारा तरुण. तो बैठकीच्या कडेला बसे, मसुद्यांच्या नकला उतरी, शाई कालवी, थोरांचे बोलणे ऐके, आणि या साऱ्या काळात त्याचे नाव कोणत्याही हजेरीपत्रकात नसे. ‘दोन वर्षे उमेदवारी केली’ असे कोणी म्हटले की त्याने काम डोळ्यांनी पाहिले आहे, हातांनी केले आहे, आणि ते पाहूनही त्याची इच्छा टिकली आहे, एवढे सारे ऐकणाऱ्याला आपोआप कळे. आशा आणि सराव ही दोन्ही त्या एका शब्दात नांदत होती. आता आशा तेवढी उरली आहे.

१९६३ च्या उन्हाळ्यात मी मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळा झालो, तेव्हा डॉक्टर व्हावयाचे हा निश्चय मनाशी पक्का होता. परंतु त्या निश्चयाच्या बुडाशी पांढरा कोट, चामड्याची पेटी आणि लोकांचा आदर यांपलीकडे काय होते हे आज मला आठवूनही सांगता येत नाही. वडिलांना बहुधा ते जाणवले असावे. त्यांनी मला नांदेडच्या वजिराबादेतील एका परिचित डॉक्टरांकडे नेऊन उभे केले. डॉक्टरांनी माझे गुण विचारले नाहीत. माझे दोन्ही हात पालथे करावयास लावून नखे पाहिली आणि लाकडी पार्टिशनमागे बोट दाखविले.

त्या पार्टिशनमागे चाचांचा अंमल चाले. चाचा म्हणजे दवाखान्याचे कंपाउंडर. निजामी अमदानीत सरकारी दवाखान्यात स्वतः उमेदवारी करून तयार झालेले, पांढऱ्या दाढीचे, अत्यंत मितभाषी गृहस्थ. त्यांच्यामागे फळ्यांवर मोठ्या बरण्या ओळीने मांडलेल्या असत, आणि त्या कोंदट चौकोनी जागेत कार्मिनेटिव्ह मिक्स्चरचा ओवा-बडिशेपेची आठवण करून देणारा उग्र-गोड दर्प, टिंक्चर आयोडीनचा तिखट वास आणि स्पिरिटचा नाकाला झोंबणारा गारवा यांचे असे काही मिश्रण दाटलेले असे, की आजही एखाद्या जुन्या कपाटाचे दार उघडताना तो वास आल्याचा मला भास होतो. पहिले पंधरा दिवस मी फक्त रोग्यांनी घरून आणलेल्या बाटल्या धुतल्या. गोड्या तेलाच्या, सरबताच्या, कधी रॉकेलच्यादेखील. बाटली धुतल्यावर तिचा वास घेऊन पाहावयाचा, आणि जुना वास शिल्लक असेल तर पुन्हा राख लावावयाची. मग पुड्या बांधावयास शिकलो. चौकोनी कागदावर चूर्णाचे सारखे ढीग पाडून, एक कणही न सांडता, तीन घड्यांत पुडी मिटावयाची. काचेच्या पिचकाऱ्या उकळणे आणि बोथट झालेल्या सुया बारीक दगडावर घासून त्यांना धार लावणे हे सर्वांत शेवटी आले. सुई घासताना चाचा म्हणत, “जल्दी नक्को, बेटा. बीमार की घडी अलग रहती.” आजाऱ्याचे घड्याळ निराळे चालते, हे वाक्य मला तेव्हा केवळ सुयांपुरते वाटले होते.

पट्टी कातरणे हे त्यातले माझे आवडते काम. कागदाची लांब चिंधी घ्यावयाची, बाटलीच्या उंचीइतकी कापावयाची, जितके डोस तितक्या घड्या घालावयाच्या आणि घडीच्या दोन्ही कोपऱ्यांत कात्रीचा एकेक तिरपा काप द्यावयाचा. उलगडली की दाते तयार. जूनच्या आरंभी, दवाखान्यात गर्दी असताना, मी सहा डोसांच्या औषधाला चार दात्यांची पट्टी लावली. रोगी बाई बाटली घेऊन निघूनही गेली. दुपारी नोंदवही मिटवताना चाचांच्या ते ध्यानी आले. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही; सायकल काढली, मला मागच्या कॅरिअरवर बसविले, आणि आम्ही देगलूर नाक्यावरून गोदावरीचा पूल ओलांडून भर उन्हात वाजेगावच्या वाटेला लागलो. औषध पोटदुखीवरचे, अगदी सौम्य होते. डोस दीडपट गेला असता तरी फारसे काही बिघडले नसते, हे त्यांना पुरते माहीत होते. बाईने अजून बाटली उघडली नव्हती. चाचा तिच्या ओसरीवर मांडी घालून बसले, शेजारून शिळ्या भाताची चार शिते मागून घेतली, नवी पट्टी माझ्याकडून कातरून घेतली आणि त्या शितांनी ती चिकटवून घेतली. ती वाळेपर्यंत ते त्या बाईशी बोलत राहिले: रात्री झोप लागते का, पोटात काय गेले, घरात करणारे कोण आहे. परतताना पुलावर त्यांनी सायकल थांबविली आणि कठड्याला टेकून बराच वेळ नदीकडे पाहत उभे राहिले. मीही उभा राहिलो. कोनाड्यातली बाटली त्या उन्हाळ्यातली आहे. निघताना चाचांनी ती मला दिली, रिकामी, सहा दात्यांची पट्टी लावून.

दवाखान्याच्या पुढच्या बाजूस एक लांब बाक होते. दुसऱ्या महिन्यापासून त्या बाकावरच्या रोग्यांची नावे आणि तक्रार चिठ्ठीवर लिहून आत पाठविण्याचे काम माझ्याकडे आले. आणि त्या बाकाने मला जे शिकविले ते पुढे कोणत्याही ग्रंथात मला आढळले नाही. एका म्हातारीने मला सांगितले, “दिसा बरं असतंय लेकरा, रातीला अंगात बारीक कसकस सुटती.” मी चिठ्ठीवर लिहिले, ‘ताप’. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, मला आत बोलावले आणि शांतपणे म्हणाले, “ती काय म्हणाली ते लिही. तुला काय वाटलं ते मी विचारलं नाही.” तेव्हापासून मी ऐकू लागलो, आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की आमच्या या ज्वारीच्या मुलखातली, अक्षरशत्रू म्हणून गणली गेलेली माणसे दुखण्याविषयी बोलताना केवढी काटेकोर असतात. ठणका वेगळा, तो नाडीच्या ठेक्यावर चालतो आणि पिकत आलेल्या गळवात घर करतो. कळ वेगळी, ती लाटेसारखी चढते, माणसाला दुमडून टाकते आणि उतरते. चमक क्षणाची, विजेसारखी. उसण पाठीत भरते. मुरडा पोटालाच पडतो. पोटरीत गोळा येतो. सणक मस्तकात जाते. चुणचुण कातडीची, आग त्याच्याही खालची. आणि सल तर इतका खोल, की तो देहाचा आहे की मनाचा हे बोलणाऱ्यालाही सांगता येऊ नये. माय मुलाविषयी सांगताना ‘रडतंय’ आणि ‘किरकिर करतंय’ यांत फरक करी, आणि डॉक्टर त्या फरकावर औषध बदलीत. शरीराचा लॅटिन नकाशा शिकण्यापूर्वी हा बोलीचा नकाशा ज्याच्या कानावरून गेला, त्याला रोग्याजवळ उभे राहण्यास जागा सापडते असे मला अजून वाटते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९५६ साली, औरंगाबादेस. त्यापूर्वी आमच्याकडच्या मुलाने डॉक्टर व्हावयाचे म्हटले की हैदराबादेची आणि उस्मानियाची वाट धरावी लागे. मी पीपल्स कॉलेजात नाव घातले, औरंगाबादेची स्वप्ने पाहिली. दुसऱ्याच वर्षी वडिलांचे देहावसान झाले आणि घरातील वडील मुलगा म्हणून मी तहसील कचेरीत रुजू झालो. उरलेले आयुष्य रकाने भरण्यात गेले. मला त्याची खंत नाही. मुलकी खात्याचे काम मी मनःपूर्वक केले. पण १९९३ च्या सप्टेंबरात, तीस तारखेच्या पहाटे, किल्लारीची भूमी हादरली आणि दगड-मातीच्या जाड भिंतींची, माळवदांची ती घरे निजलेल्या माणसांवर कोसळली, तेव्हा आम्हां कारकुनांना याद्या करण्यासाठी तिकडे पाठविण्यात आले. नाव, वय, गाव, जखमेचे स्वरूप असे रकाने आखलेले होते. वर पाऊस होता. चौथ्या रकान्यात काय लिहावे असा प्रश्न इतरांना पडला, तेव्हा माझे हात आपोआप बाकावरच्या उमेदवाराचे झाले. जखमी माणूस जे म्हणाला तेच मी लिहीत गेलो. एका तरुण डॉक्टराने माझी यादी वाचली, काही न बोलता ती घडी करून खिशात घातली, आणि तिच्या क्रमाने तो एकेकाकडे गेला. दवाखाना सोडून तीस वर्षे झाली होती.

आता आमचे नांदेड वैद्यकीय प्रवेशाच्या एका परीक्षेचे गाव झाले आहे. लातूर त्याही आधी झाले. तिथल्या शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी गुणवत्ता याद्यांत नाव कमावले, ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर गेला, आणि आज त्या शहरात ट्यूशन एरिया म्हणून ओळखला जाणारा एक अख्खा भाग आहे. आमच्याकडे भाग्यनगर, आनंदनगर, श्यामनगर या वस्त्यांतून पहाटे फेरफटका मारला तर पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली, ओठांनी काहीतरी पुटपुटत चाललेली सतरा-अठरा वर्षांची मुले-मुली थव्याथव्यांनी दिसतात. मेसचा डबा, अभ्यासिकेतली क्रमांकित खुर्ची, दर आठवड्याची टेस्ट, तिचा लागलेला निकाल, आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ७२० गुण. साऱ्या देशातून वीस लाखांहून अधिक मुले त्या गुणांसाठी बसतात. ही मुले ज्या तन्मयतेने कष्टतात तिच्याविषयी माझ्या मनात आदराखेरीज दुसरी भावना नाही. कोरडवाहू जमिनीच्या उत्पन्नावर त्यांना इथे ठेवणाऱ्या आई-बापांविषयी तर नाहीच नाही. आणि ही परीक्षा ओळखीपाळखीला, शिफारशीच्या चिठ्ठीला वाव देत नाही, हा तिचा मोठा गुण आहे; खेड्यातल्या पोराला ती एकच दार सरळ उघडते.

तरीही आयुष्यभर अर्ज तपासलेल्या माणसाची नजर रकान्यांकडे जाते. माडीवरचा मुलगा आपल्या प्रवेशाची कागदपत्रे मला दाखवावयास आणतो. जन्माचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा, वैधतेचा, उत्पन्नाचा, नॉन-क्रिमिलेअरचा. वर्षअखेर वयाची सतरा वर्षे पूर्ण असावीत असा दंडक. हे सारे असू द्या, त्याशिवाय न्यायाने वाटप होत नाही. परंतु तू कधी एखाद्या आजाऱ्याजवळ बसला आहेस काय, ही एवढी साधी पृच्छा त्या साऱ्या पुडक्यात कोठेही नाही. प्रवेश मिळाल्यावर साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप. तिथे रोगी भेटतोच. पण जो निर्णय भेटीपूर्वी झाला, तो कोणाच्या भरवशावर झाला असा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

डिसेंबरात माझ्या थोरल्या बहिणीची नात अमेरिकेतून आली. न्यू जर्सीला वाढलेली, घरात आजीशी मराठी बोलत आलेली, हसरी आणि विलक्षण नेमस्त मुलगी. त्या देशात आधी चार वर्षे महाविद्यालय करून मग वैद्यकीय प्रवेशाचा अर्ज करावयाचा असतो, आणि अर्जात गुणांबरोबर हेही सांगावयाचे असते की तू रुग्णसेवेजवळ किती काळ घालविलास. तिच्यापाशी त्यासाठी एक वही होती. डॉक्टरांच्या मागे सावलीसारखे उभे राहून पाहिलेले तास, इस्पितळाच्या दाराशी स्वागताला बसलेले तास, आणि रीतसर शिक्षण घेऊन रुग्णवाहिकेवर मदतनीस म्हणून केलेल्या रात्रपाळ्या. वहीत तारखा होत्या, आकडे होते, आणि आकड्यांच्या शेजारी बारीक अक्षरांत टिपणेही होती. एका टिपणात तिने लिहिले होते की एका वृद्धाला उचलताना त्याने तिला आपल्या दिवंगत पत्नीच्या नावाने हाक मारली आणि तिने ‘ओ’ दिली. ते बरोबर केले की चूक, हे तिला अजून ठरविता आले नव्हते. तो प्रसंग तिने मला दोनदा सांगितला.

त्या पद्धतीतली खोच मला दिसत नाही असे नाही. ज्याच्या घरी चार डॉक्टर ओळखीचे, त्याच्या मुलाला सावलीची जागा लवकर मिळणार. ज्याला उन्हाळ्यात पोटासाठी काम करावे लागते, त्याने बिनपगारी तास कोठून आणावेत? उमेदवारीला ही अडचण पूर्वीही होतीच. माझ्या वडिलांची ओळख नसती तर मला त्या पार्टिशनमागे कोणी घेतले असते? एका संध्याकाळी गच्चीवर ती आणि आमचा माडीवरचा मुलगा बोलत बसले होते. “तुझे किती तास झाले?” तिने विचारले. “रोजचे बारा-तेरा,” तो म्हणाला. एकमेकांचा अर्थ समजावयास त्या दोघांना थोडा वेळ लागला. आणि समजल्यावर तो बराच वेळ गप्प होता. जिन्यात मला गाठून तो एवढेच म्हणाला, “आजोबा, त्यांच्याकडं हे विचारतेत.”

विचारण्याची ही रीत आपल्याला अगदीच परकी नाही. सुश्रुतसंहितेत शिष्याला जवळ घेण्यापूर्वी त्याची पारख करण्याविषयी एक स्वतंत्र अध्याय आहे; आणि शस्त्र माणसाच्या देहाला लावण्यापूर्वी कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर छेदाचा सराव करावयास सांगणारा दुसरा एक अध्याय आहे, ज्याचे नावच योग्यासूत्रीय. अलीकडच्या काळात सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली महाविद्यालय काढले, तेव्हा येणाऱ्या मुलांनी प्रथम पंधरवडाभर बापूंच्या आश्रमात राहावे, झाडावे, कातावे, आणि पुढे एका गावात राहून कुटुंबे जोडावीत, असा शिरस्ता घातला. तिथल्या प्रवेश-परीक्षेत गांधीविचारांची एक प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे असे. देशभराची परीक्षा एक झाली आणि ती प्रश्नपत्रिका गेली; आश्रमातला पंधरवडा मात्र राहिला. २०१९ पासून सर्वच महाविद्यालयांत सुरुवातीचे काही दिवस पायाभूत ओळखीसाठी राखले आहेत, हेही चांगलेच झाले. पण ही सारी दारातून आत आल्यावरची ओळख.

दाराबाहेरच्या अनुभवाचा विचार करू लागलो की मला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज पाठविला, तेव्हा त्यांचे वय अठरा होते. शालेय शिक्षणाची घडी विस्कळीत, हाताशी कोणता दाखला नाही. आणि तसे त्यांनी मोकळेपणाने कळविलेही होते. पण चार वर्षांपूर्वी, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्या बाळंत झाल्या होत्या आणि दहा दिवसांचे मूल त्यांच्या हातून गेले होते. ते दहा दिवस आणि दहा रात्री कोणत्या रकान्यात बसतात? १८८६ साली पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्यांचे रोगी त्यांना भेटलेच नाहीत. मात्र एका रोग्याच्या उशाशी त्या सर्वांत आधी बसून आल्या होत्या.

फेब्रुवारीत माडीवरच्या मुलाच्या आजोबांना गावाकडून इथल्या सरकारी दवाखान्यात आणले. साखरेचा विकार जुना. पायाच्या बोटाला नांगराचा फाळ लागल्याचे निमित्त होऊन जखम चिघळली होती. बाप रानात अडकलेला, चुलता पुण्याला. तेव्हा उशाशी बसावयाचे या मुलाकडे आले. अकरा रात्री तो तिथे राहिला. पहाटे खोलीवर येई, अंघोळ करी, पुस्तक उघडून तसाच त्यावर मान टाकी. दोन टेस्ट बुडाल्या. तिसरीला तो बसला आणि गुण खाली आले. तो त्याविषयी काही बोलला नाही, पण त्याच्या आईने फोनवर माझ्या पत्नीपाशी रडून घेतले, की लेकराचं वरीस वाया जातंय. मी एकदा डबा घेऊन गेलो. व्हरांड्यात सतरंज्या अंथरून बसलेल्या नातेवाइकांच्या रांगेतून मी त्याला शोधीत होतो; तो आत खाटेजवळ उभा होता, एका हाताने आजोबांची टाच उचलून धरलेली, आणि परिचारिका पट्टी बदलीत होती. टाच उचलून धरावयाची ती अशी, की बांधणाराला हात फिरवता यावा आणि वृद्धाला भार जाणवू नये. त्याच्या मनगटाची ती ठेवण मी पाहिली आणि बाहेरच थांबलो.

मराठवाड्यातल्या किती मुलांनी अशा रात्री काढल्या असतील! केसपेपरची रांग, रक्ताची बाटली घेऊन या इमारतीतून त्या इमारतीत धावणे, सलाईनचे थेंब मोजणे, शेजारच्या खाटेवर ज्याचे कोणी नाही त्यालाही पाणी पाजणे. बहिणीच्या नातीने जे वहीत मांडून ठेवले ते या मुलांनी मोजलेलेच नाही. ते त्यांना संकट वाटते, अभ्यासातला खाडा वाटतो, आणि घरच्यांनाही तसेच वाटते.

आजोबांचे एक बोट काढावे लागले. मार्चच्या आरंभी त्यांना गावी नेले. त्यानंतर चार दिवसांनी मुलगा खोली आवरताना एक कागद घेऊन खाली आला. वहीचे मधले पान. त्यावर त्याने पट्टीने रकाने आखलेले होते. तारीख, वेळ, ताप, लघवी, गोळी दिली, आणि शेवटी एक रुंद रकाना, ‘आबा काय म्हणाले’. त्या रकान्यात बोलीतच लिहिलेले होते; काही रात्री भरगच्च, एका रात्री फक्त ‘निजले’. “हे टाकून देऊ का, आजोबा?” त्याने विचारले. तहसिलीत असताना कोणताही कागद कोणत्या रुमालात बांधावयाचा हे मला डोळे मिटून सांगता येई. तो कागद मी हातात घेऊन उभा राहिलो आणि शेवटी घडी करून कोनाड्यात, बाटलीच्या बुडाखाली ठेवला. त्याने पाहिले, आणि तो वर गेला.

परीक्षा मे महिन्याच्या आरंभी आहे. आता एप्रिल चालू आहे. रात्री नऊनंतर उकाड्यामुळे आम्ही अंगणात खाट टाकून बसतो, आणि माडीवरच्या उघड्या खिडकीतून त्याचा आवाज खाली येतो. दिवसभरात तो एकदाच, याच वेळी गावी फोन करतो. काल त्याची आई पलीकडून काही सांगत असावी, कारण तो बराच वेळ नुसता ‘हं, हं’ करीत होता. मग तो म्हणाला, “माय, थांब जरा. आबा कसं दुखायलंय म्हणतेत? ठणकायलंय, का कळ यायलीय? तू सांगू नको, त्यांनाच विचार.”

पलीकडे कोणी तरी उठून गेले असावे. खिडकीतला दिवा तसाच होता. तो काही न बोलता फोन कानाला लावून उभा होता.